पेटीनंतर बासरी: दुसरं वाद्य निवडताना काय काय तपासलं

पेटी बरी वाजायला लागली की दुसरं वाद्य शिकावंसं वाटतं, आणि विचार सुरू होतो तो ‘आवडतं कोणतं?’ या प्रश्नापासून. आवडतात तशी सगळीच. म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. पेटी मला काय करू देत नाही याची आधी यादी केली आणि मग वाद्यं हातात घेतली.

यादीत पहिली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. पेटीवर दोन सुरांच्या मधे जागाच नाही, त्यामुळे दरबारी रागातला आंदोलित (हळूहळू झुलणारा) कोमल गंधार कण लावून, म्हणजे शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श देऊन, नुसता सुचवावा लागतो. दुसरी गोष्ट कानाची. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. एका भागाचे 100 सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा) 400 सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून (सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून) जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो 386 वर असतो. चौदा सेंट म्हणजे फार नाही, पण वर्षानुवर्षं पेटी वाजवून कान त्या चढ्या गंधारालाच खरा मानायला लागतो. आकाशवाणीने 1940 साली पेटीला दार बंद केलं तेव्हा आक्षेप हेच होते, आणि ते दार थोडंफार उघडायला 1971 उजाडलं. बंदी अतिरेकी होती असं माझं मत, पण आक्षेप खोटे नव्हते. तिसरी गोष्ट लय: साथीला तबला असला की आपण ठेक्यावर रेलून बसतो. चौथी कोणी सहसा बोलत नाही ती म्हणजे डावा हात. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो, सूर त्याच्या वाट्याला येतच नाही.

आता वाद्यं. सतार मी लवकर बाजूला ठेवली. मिरजेत जाऊन चांगली सतार बघून आणता येते, अडचण ती नाही. तरफेच्या (मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या) तारा जुळवण्यातच नवशिक्याचा निम्मा रियाज जातो, दमट हवेत तारा गंजतात, आणि हे धूड घेऊन एसटीने किंवा लोकलने शिकायला जाणं आठवड्यातून दोनदा जमणारं नाही.

तबला-डग्ग्याला पंधरा दिवस दिले, कारण पेटीवाल्याला सगळे तोच सुचवतात. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या वर्तुळाच्या) कडेला हलकी टेकलेली हवी आणि तर्जनी चाटेवर (पुडीच्या, म्हणजे तबल्याच्या कातड्याच्या, कडेवर) पडायला हवी. अनामिका दाबली गेली की आस (मागे घुमणारा नाद) मरते, सुटली की बोल गढूळ होतो. हे पंधरा दिवसांत येत नाही, पण कुठे चुकतं ते कळतं. पावसाळ्यात पुडी उतरते, उन्हाळ्यात चढते, त्यामुळे हातोडी जवळ ठेवावीच लागते. तबला मागे पडला तो वेगळ्या कारणाने. माझ्या यादीतली एकच गोष्ट, लय, तो भरून काढत होता. तेवढ्यासाठी हातावर टाळी-खाली धरून ठेक्याची पढंत केली, म्हणजे बोल तोंडाने म्हटले, तरी पुष्कळ काम होतं. ज्याला मुख्यतः साथच करायची आहे त्याने मात्र तबलाच घ्यावा.

व्हायोलिनने खरी चुरस केली. पडदे नाहीत, मींड हवी तेवढी, आणि डाव्या हाताला भरपूर काम. गजाननबुवा जोशी गायक असून व्हायोलिनवर तितक्याच अधिकाराने वाजवत, ते याच गुणामुळे: हे वाद्य गळ्यामागे जातं. अडचण गजाची. गज घोडीशी समांतर न राहता तिरका सरकला की खरखर येते. राळ कमी पडली तर गज नुसता घसरतो, जास्त झाली तर तारांवर पांढरी भुकटी बसते. सूर ऐकण्याजोगा व्हायला काही महिने जातात, आणि ते महिने बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांनाही काढावे लागतात. जवळपास गज शिकवणारे गुरू असतील तर व्हायोलिन बिनदिक्कत निवडावं. माझ्या भागात नव्हते, बासरीचे होते. शेवटचा निकाल खरं तर यावर लागला.

बासरी ठरल्यावर पुढचा प्रश्न पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला सा धरायचं याचा, आणि इथे पेटीवाला हमखास फसतो. पेटीवर काळी 1 वरून पांढरी 4 वर जायचं तर फक्त बोटं सरकवायची. बासरीत प्रत्येक पट्टीची बासरी वेगळी. पहिली तीन भोकं झाकली की षड्ज, आणि तो त्या बांबूला कायमचा बांधलेला. पांढरी 1 ची मधली बासरी साधारण 19 इंच, पांढरी 5 ची 25 इंच, आणि मैफिलीत दिसणारी पांढरी 3 ची 30 इंचांच्या आसपास. लांबी वाढली की भोकांमधलं अंतर वाढतं, फुंकही जास्त लागते. सरळ पांढरी 3 घेतली तर सहाव्या भोकावर उजवी अनामिका पुरत नाही, कडेने हवा निसटते आणि मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) फुटतो. मी पांढरी 5 घेतली. 19 इंची सोपी असते, पण तिच्यात खर्जाचा भरीवपणा नाही आणि बोटं एकमेकांवर चढतात.

दुकानात मोबाइलवर ट्यूनर उघडून बसावं, लाज वाटू देऊ नये. वाजवता येत नसेल तर दुकानदाराला वाजवायला सांगावं. आधी तीन भोकं झाकून षड्ज, मग सहा झाकून मंद्र पंचम, मग तीच सहा झाकून जोरकस फुंकीने मध्य पंचम. हे दोन पंचम एकमेकांशी जुळले नाहीत तर बांबूची पोकळी किंवा बुचाची जागा चुकलेली आहे, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. बांबूत मधे पेर नसावं, केसाएवढीही उभी चीर नसावी, भोकांच्या आतल्या कडा भाजून गुळगुळीत केलेल्या असाव्यात. पेटीशी जुळवायची असेल तर आधी घरच्या पेटीची पट्टी ट्यूनरवर बघून जावं. जुन्या पेट्या कित्येकदा 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसतात. बासरी ओठाखाली थोडी फिरवून काही सेंट इकडेतिकडे करता येतात, पण तसं सतत केलं तर नादच आवळतो. जत्रेतली फुग्यांबरोबर मिळणारी बासरी मुलांना खेळायला ठीक. तिच्यावर शिकलेला सूर नंतर मोडावा लागतो.

पहिले आठ दिवस बोटं वापरलीच नाहीत. फुंकेच्या भोकाचा साधारण तिसरा हिस्सा खालच्या ओठाने झाकायचा, ओठांत तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवायची आणि हवा समोरच्या कडेवर सोडायची. आवाज न आल्यास माणूस जास्त जोर लावतो, तिथेच घोटाळा होतो: जोराने सूर वरच्या सप्तकात उडतो आणि डोकं गरगरतं. गरगरलं की पाच मिनिटं थांबायचं. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं पुरतात, सलग तासभर नको.

मग डाव्या हाताची तीन भोकं. तीन झाकून सा, दोन झाकून रे, एक झाकून ग, आणि सगळी उघडली की तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी पहिलं भोक अर्धं झाकायचं, आणि पेटीवाला अडतो तो इथेच. पेटीवर बोटं वाकवून टोकाने पट्टी दाबायची सवय असते. बासरीवर टोक ठेवलं की भोक नीट झाकलंच जात नाही, बोट सपाट ठेवून पेराच्या मांसल भागाने झाकावं लागतं. अर्धं भोकही बोट उचलून नाही तर किंचित सरकवून उघडायचं. मध्यम चढा लागतो की उतरा, ते तंबोऱ्यावर तपासायचं. पेटीवर तपासलं तर वर म्हटलेली कानाची खोड तशीच राहते. त्यामुळे रियाजाच्या वेळी मी पेटीचं झाकण बंद ठेवतो.

आणखी एक गोष्ट पेटीवाल्याला ठाऊक नसते: गरम हवेत बासरी चढते, दर अंशाला सुमारे तीन सेंट. पहाटेच्या गारठ्यात जुळलेली बासरी दुपारी पंचवीस-तीस सेंट वर गेलेली सापडते. वाजवायच्या आधी दोन-तीन मिनिटं कोमट फुंक मारून ती तापवली की निदान मधेच चढत नाही.

पावसाळ्यात वाजवून झाल्यावर काठीला सुती फडकं गुंडाळून आतली ओल टिपायची. कोरड्या दिवसांत आतून मोहरीच्या तेलाचा बारीक हात फिरवायचा आणि बासरी एसीच्या झोतात किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवायची नाही, कारण बांबू एका रात्रीत उभा तडकतो. दोऱ्याची बांधणी सैल झालेली दिसली तर लगेच आवळून घ्यायची. पांढरी 3 ची बासरी मी अजून आणलेली नाही. पांढरी 5 वर मंद्र पंचम सलग वीस सेकंद न हलता टिकला की दुकानात जायचं, असं ठरवलंय; सध्या चौदापर्यंत पोचलोय.