‘प्रायव्हेट बीच’ आणि सुके बोंबील

जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं, ‘प्रायव्हेट बीच’. दीर त्यावरच भाळले. भरती-ओहोटीच्या मधली वाळू सरकारी असते, ती कुणाच्या खासगी मालकीची नसते, हे मी कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं. त्यावर एक अंगठा आला आणि बुकिंग झालं. मे महिना, अलिबागजवळचं किहीम, आठ खोल्यांचा व्हिला, स्विमिंग पूल, आणि आमचं अख्खं खटलं: सासूबाई, दीर-जाऊबाई, नणंद, आम्ही आणि पाच पोरं.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गेलो. गाडी बोटीच्या पोटात घालायची, वर जाऊन वारा खायचा, तासाभरात मांडवा. पेण-वडखळच्या ट्रॅफिकमध्ये ज्यांनी मे महिना काढलाय त्यांना हे सुख वेगळं सांगायला नको. पुढचे दोन दिवस पोरं पूलमधून बाहेरच आली नाहीत. समोर सुरूच्या झाडांपलीकडे एवढा समुद्र, आणि ही क्लोरीनच्या पाण्यात. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० साली याच किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता, असं मी मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. थोरल्याने आजूबाजूच्या एकसारख्या कापलेल्या हिरवळीकडे पाहून विचारलं, “इथे? कशावर बांधायची घरटी?” मला उत्तर सुचलं नाही.

मग आली ती दुपार, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

व्हिलाचं एक छोटं लोखंडी फाटक वाळूकडे उघडतं. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक रखवालदार. चहाच्या वेळेला फाटकाबाहेर एक कोळीण मावशी येऊन उभी राहिली. डोक्यावर पाटी, पाटीत सुकट, बोंबील, थोडा जवळा. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे मे म्हणजे आगोटीच्या, पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीचा हंगाम. सासूबाई माहेरच्या श्रीवर्धनच्या. वास आल्याबरोबर त्या व्हरांड्यातून उठल्याच.

“ये गं बाय, आत ये.”

रखवालदार आडवा. “आजी, बाहेरच्यांना आत सोडता येत नाही. मॅनेजमेंटची ऑर्डर आहे.”

मावशीने पाटी उतरवली, कमरेवर हात ठेवला. “भायेरची मी? यो बंगला भायेरचा!”

गावातून किनाऱ्यावर यायची वाट पूर्वी इथूनच होती, असं तिने सांगितलं. आता कुंपणाला वळसा घालून, तापल्या वाळूतून यावं लागतं. रखवालदार मान खाली घालून ऐकत होता. तोही शेजारच्याच गावचा निघाला, तिला ‘काकी’ म्हणत होता, आणि तरी फाटक उघडत नव्हता. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. चीड आली ती ती ऑर्डर काढणाऱ्यांची, जे तिथे कधी दिसलेही नाहीत.

सासूबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पदर खोचला, फाटकाची कडी स्वतः काढली आणि बाहेर जाऊन वाळूत फतकल मारली. पाहुण्यांना बाहेर जायला बंदी नव्हती ना! मागून मी, जाऊबाई, नणंद, मग ओल्या चड्ड्यांतली पोरं. अर्धा-पाऊण तास तिथेच बाजार भरला. सासूबाई एकेक बोंबील उचलून मोडून बघत होत्या. कडकन मोडला तर नीट वाळलेला, वाकला तर परत पाटीत. मावशी प्रत्येक वाकलेल्या बोंबलामागे एक शिवी हासडत होती, बहुधा हवामानाला. धाकटीने सुकट तोंडात टाकून पाहिली आणि आणखी मागितली. रखवालदाराने शेवटी आपली खुर्ची बाहेर आणून मावशीला दिली. ती बसली नाही, खुर्चीवर पाटी ठेवली.

निघताना सासूबाईंनी तिला विचारलं, “उद्या तीज ना?” आणि बोटांवर हिशेब केला: “तीन पाऊण सव्वादोन.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. सव्वादोनला भरती, म्हणजे सहा तास आधी, सव्वाआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मावशीने मान डोलावली. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जायचं तर आठला अलिबागच्या किनाऱ्यावर हवं. व्हिलाच्या मॅनेजरने मात्र सांगितलं होतं, “आरामात नाश्ता करून अकराला निघा.” अकराला निघालो असतो तर परतताना पाणी आडवं आलं असतं.

नाश्त्याच्या बुफेवर पाणी सोडून आम्ही सकाळी निघालो, आणि जाऊबाई अख्ख्या रस्त्यात त्या बुफेबद्दल बोलत राहिल्या. ओल्या घट्ट वाळूवरून चालत किल्ल्यात शिरलो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचं बांधकाम सुरू केलं, पुढे ही आंग्र्यांची राजधानीच झाली. तटाचे चिरे चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत, लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. मुलं त्या फटींत हात घालून खेकडे शोधत बसली. चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, यावर मात्र कुणाचा विश्वास बसेना. सासूबाई गणपतीसमोर बसून राहिल्या आणि साडेनऊला घड्याळ न बघताच म्हणाल्या, “चला आता.”

वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा घेतल्या. उरलेले दिवस खाण्यात आणि पत्त्यांत गेले.

निघताना बिलात एक जादा रक्कम होती: ‘स्पेशल क्लीनिंग’. खोलीला सुक्या मासळीचा वास येतो म्हणे. किहीमला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मासळीचा वास ही तक्रार! दीर भांडायला सरसावले, पण सासूबाईंनी बटवा उघडून पैसे काउंटरवर ठेवले आणि पावती मागितली. “त्यावर नीट लिहा,” त्या मॅनेजरला म्हणाल्या, “बोंबील, असं लिहा.”

त्याने लिहिलं.