पिंपाआडचं वायफाय

आमचं सोलापुरातल्या बाळीवेशीतलं घर जुनं, धाब्याचं. भिंती दीड-दीड हात जाड. मे महिन्यात बाहेर पारा 44ला टेकला तरी आत नुसत्या पंख्यावर भागतं. येईल तो पाहुणा भिंतीवर तळहात ठेवून म्हणतो, "काय गार आहे हो!" ह्याच भिंती उन्हासारखं वायफायही अडवतात, हे लेकीचे ऑनलाइन क्लास सुरू झाल्यावर कळलं. तिच्या खोलीत सर बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजायचे.

"बाबा, राउटर बदला."

नवी पेठेत गेलो. दुकानदाराने आधी नऊ हजारांचा दाखवला. आठ अँटेना वर केलेला, उताणा पडलेल्या कोळ्यासारखा. मी सोळाशेचा उचलला. दोन बँडवाला: 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत दिसली की गळपटणारा, 2.4 मंद, पण भिंतीतून येणारा. आणि नवं ज्ञान असं, की जुन्या राउटरची पोर्टं, म्हणजे केबल खोचायच्या खाचा, 100 एमबीपीएस वेगाच्याच होत्या. दोन वर्षं आम्ही 200 एमबीपीएसचे पैसे भरून 94 वापरत होतो. मी हे घरात फारसं बोललो नाही.

नवा डबा ओसरीवर लावला. ओसरीवर वेग 190च्या वर, लेकीच्या खोलीत सर तसेच थिजलेले.

केबलवाला पोरगा आला, त्याने माजघरात नजर फिरवली. "काका, मधी पिंप ठेवलंय की तुम्ही. पाणी सिग्नल पितं."

आता सोलापुरात पाणी साठवायचं नाही तर काय करायचं? नळ रोज थोडाच येतो! 200 लिटरचं निळं पिंप, वर कळश्यांची उतरंड.

मग ठरलं: ओसरीवरून केबल ओढून नवा राउटर माजघरात, पिंपाच्या पलीकडे, आणि जुना फेकायचा नाही, सेटिंग बदलून ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलीतून आलेलं नेट वायफायने पसरवायला, लेकीच्या खोलीत. तिला नव्वद पुष्कळ.

पोरगा उंबऱ्यावर बसून केबलचं टोक सोलू लागला. आत आठ तारा. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. शेजारचे आप्पा येऊन उभे राहिले. जन्म गेला त्यांचा चादरीच्या मागावर. दुसऱ्या टोकाला त्यांनी मान वाकडी केली.

"पोरा, पलीकडं निळ्याआधी पांढरा-हिरवा होता. इथं नुसता हिरवा घातलास की."

पोराने बघितलं, मुकाट्याने टोक कापलं, पुन्हा सोललं. टेस्टरचे आठही दिवे लागले. आप्पा चहा घेऊन गेले.

पिंपही हलवून बघू म्हटलं, तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "भरलेलं आहे. पाणी आता परवा."