बेलसाहेबांची फाइल: १५७६ की १५७७, लागला एकदाचा निकाल

सुटला रे बाबांनो, तो जानेवारी सुटला! एलिझाबेथ राणीच्या काळातला इंग्लिश खासदार रॉबर्ट बेल एक्स्चेकर कोर्टाचा चीफ बॅरन, म्हणजे खजिन्याच्या कोर्टाचा मुख्य जज, नक्की कधी झाला, इथे फाइल अडकली होती ते मागच्या वेळी रडून झालंच आहे. तर आपल्या हिशोबाने जानेवारी १५७७. वंशावळीच्या साइटवाल्यांनी १५७६ चं एकमेकांचं बघून कॉपी-पेस्ट चालवलंय ते आता तरी बदला म्हणावं, बदलणार नाहीत ते सोडा.

लोचा माहितीचाच आहे. तेव्हाचं इंग्लंडातलं कायद्याचं वर्ष २५ मार्चला, लेडी डेला बदलायचं, त्यामुळे आपला जानेवारी १५७७ त्यांच्या कागदावर जानेवारी १५७६ च. इतपत ठीक आहे, पण नंतर ज्याने ज्याने ती तारीख उतरवून घेतली त्याने दुरुस्ती केली की जशीच्या तशी ठेवली हे कळणार कसं? आणि दुरुस्त केलेली तारीख कुणी परत दुरुस्त केली तर १५७८ येतं, म्हणजे बेलसाहेब मेल्यावर जज होतात. आपल्यातल्या मोडीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन मृगाला बदलतो तिथे आपण कमी डोकं फोडलंय का.

यातून बाहेर काढतं ते राणीचं वर्ष. एलिझाबेथ गादीवर आली १७ नोव्हेंबर १५५८ ला, तेव्हा तिचं १८ वं वर्ष नोव्हेंबर १५७५ पासूनचं आणि १९ वं नोव्हेंबर १५७६ पासूनचं. म्हणजे नेमणुकीपुढे १८ आहे की १९ एवढं वाचता आलं की विषय संपला. आणि नेमकं तिथेच घोडं अडलं, कारण माझ्याकडे जी जुनी हस्तलिखित यादी आहे तिचा स्कॅन ('हाय रिझोल्यूशन' म्हणून पैसे घेतले त्यांनी, नाव घेत नाही) झूम केला की नुसते चौकोन दिसतात. आकडा रोमन आहे, १८ म्हणजे xviij आणि १९ म्हणजे xix. पहिला एक्स स्वच्छ आहे, त्यापुढे चार-पाच उभ्या काड्या आणि एक शेपूट. आता सेक्रेटरी हँडमध्ये, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी हस्ताक्षराच्या वळणात, शेवटचा आय खाली ओढून जेसारखा काढतात, त्यामुळे शेपूट म्हटलं की १८ वाटतं, पण तिथला एक्सही डावा पाय असाच खाली सोडतो, मग १९ का नको? कॉन्ट्रास्ट वाढवला, रंग उलटे केले, त्याच हातातले दुसरे एक्स कापून शेजारी लावले, तरी एका दिवशी १८ दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी १९.

शेवटी अक्षराचा नाद सोडला आणि खुर्चीकडे बघितलं. बेलच्या आधी त्या खुर्चीवर कोण? सर एडवर्ड सॉन्डर्स, १५५९ पासून. तो गेला नोव्हेंबर १५७६ मध्ये. संपलं! आपल्या जानेवारी १५७६ ला म्हातारा जिवंत होता, खुर्चीत होता, मग बेल बसणार कुठे, त्याच्या मांडीवर? एकदा १९ आहे हे कळल्यावर ते शेपूट एक्सचंच आहे हे आता मला इतकं स्पष्ट दिसतंय की चिडचिड होते.

आणि मजा पुढे आहे. जुलै १५७७ मध्ये ऑक्सफर्डला ती कुप्रसिद्ध असाइझ (जज गावोगाव फिरून भरवायचे ते कोर्ट) भरली, रोलंड जेंक्स नावाच्या कॅथलिक पुस्तकविक्याला कान कापायची शिक्षा झाली, आणि तुरुंगातल्या तापाने कोर्टात बसलेले लोक पटापट गेले, शेरीफ गेला, सार्जंट (म्हणजे वरिष्ठ वकील) बारम गेला, ज्युरीतले गेले, तेव्हाच्या नोंदी शहरात ३०० च्या आसपास बळी सांगतात. लोक म्हणाले जेंक्सचा शाप, आपण म्हणू उवा आणि टायफस. जुलै संपायच्या आत बेलही गेला. म्हणजे १५७६ धरलं तर दीड वर्ष जज, १५७७ धरलं तर जेमतेम सहा महिने: हिलरी, ईस्टर, ट्रिनिटी, कोर्टाच्या तीन टर्म आणि खेळ खलास. राणीच्या १९ व्या वर्षातच नेमणूक आणि त्याच १९ व्यात मरण.

मला वाटतं त्याचं खरं आयुष्य पार्लमेंटातच गेलं, जजपण म्हणजे शेवटचा तुकडा. किंग्ज लिनचा हा मेंबर १५६६ ला राणीच्या लग्नावरून आणि वारसावरून कटकट करणाऱ्यांत होता, १५७१ ला दरबाऱ्यांना मिळणाऱ्या लायसन्सांवर बोलला तर राणीच्या कौन्सिलने बोलावून असा झापला की परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघून सगळं हाउस, म्हणजे पार्लमेंटचं सभागृह, गप्प झालं. आणि पुढच्याच वर्षी हाच स्पीकर! तोंड बंद करायला खुर्ची दिली हा शॉर्टकट मला पटत नाही. स्पीकर तेव्हा राणीच्या पसंतीचाच असायचा हे खरं, पण १५७२ ला स्कॉटलंडच्या मेरीचं काय करायचं यावर पेटलेलं हाउस सांभाळायला हाउसचा विश्वास असलेलाच माणूस लागणार ना.

टूल्सचं थोडं. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख मानतच नाही, सगळं टेक्स्ट म्हणून ठेवावं लागतं, त्यामुळे सॉर्टिंगची बोंब. माझा जुगाड म्हणजे राणीचं वर्ष एका कॉलममध्ये, टर्म दुसऱ्यात १ ते ४ आकड्याने, मिकलमसला (ही शरद ऋतूतली चौथी टर्म) १ कारण राणीच्या वर्षाची सुरुवात त्याच टर्मच्या शेवटाकडे पडते... थांबा, म्हणजे एकच मिकलमस टर्म दोन वर्षांत अर्धी-अर्धी पडणार. १७ नोव्हेंबरच्या आधीची आणि नंतरची वेगळी धरावी लागेल, म्हणजे आकडे १ ते ५. बरं झालं लिहिता लिहिता सुचलं. कोर्टाच्या नोंदींचे मूळ रोल बघायचे तर ह्युस्टन विद्यापीठाची एएएलटी (अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन) साइट झिंदाबाद, फुकट आहे आणि फोटो त्या विकतच्या स्कॅनपेक्षा दसपट बरे.

पुढचा प्लॅन बेलची इस्टेट आणि आउटवेलचं घर असा होता, पण खुर्चीच्या युक्तीने डोक्यात वेगळंच शिरलंय. १५७१ चा स्पीकर क्रिस्टोफर रे, पुढे क्वीन्स बेंचचा चीफ जस्टिस. १५७२ चा बेल. तो मेल्यामुळे १५८१ ला निवडावा लागलेला जॉन पॉपम, तोही पुढे चीफ जस्टिस. १५९३ चा एडवर्ड कोक, तोही. तेव्हा माणसावार टाइमलाइन बाद, आता खुर्चीवार तक्ता, वर स्पीकरची खुर्ची आणि खाली कोर्टाच्या, मध्ये बाण. पॉपमपासून सुरू करतोय, कारण राणीने हाउसमध्ये काय पास झालं विचारल्यावर 'सात आठवडे' असं उत्तर देणारा माणूस जास्त वेळ वेटिंगला ठेवणं बरोबर नाही. कुणाकडे १५८१ च्या सेशनच्या नोंदी टाइप केलेल्या असतील तर टाका इकडे.