एक बूट पायात, एक हातात

त्या रात्री भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे कॉलेजपासूनचे मित्र, साडेअकराला निघायला उठले. एक बूट पायात घातला, दुसरा हातात घेतला आणि तसेच दाराशी उभे राहिले. आधी ऑफिसातल्या बदलीचा विषय निघाला, मग गाडीच्या विम्याचा, मग कॉलेजच्या कुठल्याशा सहलीचा. मी दार उघडून कडीला हात लावून उभी. दुसरा बूट पायात गेला तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी नर्स आहे. सकाळची ड्यूटी असली की पावणेपाचला उठते. त्या रात्री आवरून आडवी झाले तेव्हा साडेबारा झाले होते, म्हणजे झोपेला उरले सव्वाचार तास. मोठ्या माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी, आणि आमच्या मुलीच्या वयाला, ती आठ वर्षांची आहे, ९ ते १२ तास. हॉलमधलं बोलणं तिच्या खोलीत शब्दन् शब्द ऐकू जातं. ती दोनदा उठून आली होती.

पाहुणे उशिरापर्यंत बसतात, ही तक्रार ऐकायला क्षुल्लक वाटते. मला ती तशी वाटत नाही. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि डोळ्यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडतो, असं त्यांना दिसलं. पावणेपाचला उठलेल्या बाईचे १७ तास रात्री पावणेदहालाच भरतात. आणि दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्यामुर्ध्या झोपेवर मला कुणाच्या तरी इंजेक्शनचा डोस मोजायचा असतो. तिथे चूक झाली तर ती माझ्या पाहुणचारामुळे झाली, असं मी कुणाला सांगणार? म्हणून यातून मार्ग काढायचाच, असं मी ठरवलं. त्याला सात-आठ महिने लागले, आणि मधे माझ्या हातून एक माणूस दुखावला गेला. मुख्यतः त्याबद्दलच लिहायचं आहे.

सुरुवातीला मी बाकीचे सगळे करतात तेच केलं. जांभया दिल्या. ग्लास उचलून आत नेले. स्वयंपाकघरातला दिवा घालवला. मुलीला मुद्दाम हॉलमधून नेत ‘चल, उशीर झाला बाई’ असं मोठ्याने म्हटलं. कशाचाही उपयोग झाला नाही, आणि उपयोग होत नाही याचा मला दर वेळी नव्याने राग यायचा. इतकं स्पष्ट दिसत असताना माणसाला कळू नये?

पण ते दिसतच नसतं. गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ सालचा एक प्रयोग आहे. माणसांना काही पेयं चाखायला दिली. त्यातली काही मुद्दाम घाणेरड्या चवीची होती. चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही, ही अट. चाखणाऱ्यांना वाटलं, आपलं तोंड वाकडं झालेलं बघणाऱ्यांना सहज कळणार. बघणाऱ्यांना त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी वेळा कळलं. आपल्या पोटातलं समोरच्याला दिसतंय, असं आपल्याला उगाच वाटत असतं. आणि मी तर पोटातलं झाकतही होते. जांभई देऊन झाली की लगेच ‘बसा हो, काय घाई आहे’ म्हणायचे. भाऊजींनी माझ्या जांभईवर विश्वास ठेवायचा की शब्दांवर? ते शब्दांवर ठेवत होते.

बुटाच्या त्या रात्रीनंतर दहा दिवसांनी भाऊजी पुन्हा आले. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. ते काहीतरी सांगायला लागले होते, ‘परवा बाबांकडे गेलो होतो तेव्हा...’ आणि मी मधेच उठले. म्हटलं, ‘भाऊजी, आता बास. मला पहाटे उठायचं असतं. तुम्हाला कळत कसं नाही?’

हॉलमध्ये एकदम शांतता झाली. ते ‘सॉरी वहिनी’ म्हणाले आणि उठले. दोन्ही बूट पायात सरकवले, नाड्या न बांधताच जिना उतरले. दोन मिनिटांत घर रिकामं. मी वेळेत झोपायला गेले आणि दोन वाजेपर्यंत टक्क जागी राहिले. नवरा तिकडे तोंड करून पडलेला, तोही जागाच होता.

त्यानंतर भाऊजी सहा आठवडे आले नाहीत. नवऱ्याने फोन केला तेव्हा कळलं की त्यांच्या वडिलांची बायपास झाली. ऑपरेशन ठरलंय हे ते आम्हाला सांगायला आले होते. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा एक बूट हातात धरून पस्तीस मिनिटं उभे राहिले आणि तोंडातून निघालं नाही. दुसऱ्यांदा निघायला लागलं तर मी तोडून टाकलं.

याची जास्त लाज वाटायचं कारण असं की हे मला वॉर्डात रोज दिसतं. ड्रेसिंग होतं, बीपी घेऊन होतं, मी ट्रॉली घेऊन वळते आणि मागून आवाज येतो, ‘सिस्टर, एक विचारू?’ ते ‘एक’च खरं असतं. आधीची दहा मिनिटं पेशंट इकडचं तिकडचं बोलत असतो. दाराच्या मुठीवर हात गेल्यावर पेशंट मुख्य दुखणं काढतो, हे प्रत्येक अनुभवी डॉक्टरला ठाऊक असतं. मला वॉर्डात ठाऊक होतं आणि स्वतःच्या दारात नाही.

मी भाऊजींना फोन केला. म्हटलं, ‘त्या रात्री मी चुकले.’

‘नाही वहिनी, तुमचं बरोबरच होतं. मलाच वेळेचं भान राहत नाही.’

‘वेळेबद्दल नाही म्हणत. ज्या पद्धतीने बोलले त्याबद्दल म्हणतेय.’

ते जरा गप्प राहिले, मग म्हणाले, ‘खरं सांगू? दोन्ही वेळेला मला दहालाच निघायचं होतं. पण सांगितल्याशिवाय निघवेना, आणि सांगता येईना.’

म्हणजे रात्री दहा वाजता त्या खोलीत मला ते जायला हवे होते आणि त्यांनाही जायचंच होतं. तरी आम्ही दोन तास एकमेकांना धरून बसलो होतो. हे विलक्षण वाटलं, पण विलक्षण नाहीये. ॲडम मॅस्ट्रोयानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९३२ संभाषणं तपासली होती. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांनाही हवं होतं त्याच वेळी संपलेली संभाषणं त्यात जेमतेम २ टक्के निघाली. जो तो आपली इच्छा समोरच्यापासून लपवतो, त्यामुळे दुसऱ्याला काय हवंय हे कुणालाच कळत नाही. काहींना तर अजून बोलायचं असतानाच गप्पा संपल्या होत्या. मीही पाहुणी म्हणून कितीदा अशी बसून राहिले आहे. यजमानीण रंगात आलीये, आत्ता उठलो तर तिला वाईट वाटेल, असं वाटून. तिलाही कदाचित झोपायचं असेल.

मग मी पद्धत बदलली. पहिली गोष्ट, वेळ बोलावतानाच सांगायची. ‘सात वाजता या. साडेनऊपर्यंत निवांत बसू, मला पहाटेची ड्यूटी आहे.’ एवढंच. यावर नवऱ्याशी चांगलंच वाजलं. तो म्हणाला, ‘यायच्या आधीच जायची वेळ सांगायची? हे काय ऑफिसचं काम आहे का?’ मी म्हटलं, रात्री अकराला सांगितलं की ते हाकलणं होतं. सकाळी फोनवर सांगितलं तर तोच बेत असतो. त्याला पटलं नव्हतं, पण करून बघू म्हणाला. पहिल्याच जोडप्यातली बायको मला म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंस, आम्हालाही पुढचं ठरवता आलं.’ त्यानंतर त्याने विरोध केला नाही.

शब्द मात्र जपून वापरावे लागतात, हे शिकायला वेळ गेला. ‘जरा लवकर या म्हणजे लवकर मोकळे होऊ’ असं मोघम सांगून काही होत नाही, प्रत्येकाचं ‘लवकर’ वेगळं असतं. आणि कारण एकदाच सांगायचं. एका वयस्कर जोडप्याला मी माझी ड्यूटी, मुलीची शाळा, झोप, सगळं तीन-तीनदा सांगितलं. ती दोघं इतकी अवघडली की आठलाच उठली. काकू जिन्यात म्हणाल्या, ‘तुला त्रास नको गं व्हायला.’ त्या आठवणीने अजून कसंतरी होतं.

दुसरी गोष्ट, निरोपाची तयारी बसल्या जागी करायची. शेगलॉफ आणि सॅक्स या दोघांनी टेलिफोनवरची संभाषणं कशी संपतात याचा अभ्यास करून १९७३ मध्ये एक निबंध लिहिला होता. माणसं फोन एकदम ठेवत नाहीत. एक जण ‘बरं...’ म्हणतो आणि नवा विषय न काढता थांबतो. दुसऱ्याला काही राहिलेलं बोलायचं असेल तर ही त्याची संधी. त्यानेही ‘बरं’ म्हटलं की मग निरोप. हे वाचलं आणि आमच्या घरात काय बिघडतं ते लक्षात आलं. पाहुणे ‘बरं, मग...’ म्हणायचे आणि माझा नवरा बरोबर त्याच क्षणी विचारायचा, ‘अरे, तुझ्या त्या फ्लॅटचं काय झालं?’ पुढचा पाऊण तास फ्लॅट. त्याच्या मनात प्रेमच असतं, त्याला शांतता सहन होत नाही. आता आमचं ठरलंय की नऊ वाजले की नवा विषय काढायचा नाही. सव्वानऊच्या सुमाराला मी म्हणते, ‘निघायच्या आधी काही राहिलंय का बोलायचं?’ अगदी असंच, सरळ. आणि पाहुण्यांचं ‘बरं’ आलं की आधी नवरा उठून उभा राहतो, मी नाही. हे महत्त्वाचं आहे. एकटी बायको उठली की ती खडूस ठरते. दोघं उठलो की घर उठतं.

तिसरी गोष्ट मी भाऊजींकडून शिकले. मुख्य प्रश्न आल्या-आल्या विचारायचा. पाणी दिलं की बसायचं, फोन बाजूला ठेवायचा आणि विचारायचं, ‘घरी सगळे कसे आहेत? आई-बाबा?’ आणि ‘ठीक’ या उत्तरावर थांबायचं नाही, थोडं गप्प बसायचं. निम्म्या वेळा खरंच सगळं ठीक असतं. पण उरलेल्या निम्म्या वेळा जे बोलणं दारात, बूट हातात घेऊन झालं असतं, ते साडेसातलाच होतं. मग उरलेली संध्याकाळ हलकी जाते, आणि माणसं घड्याळाकडे न बघताही वेळेत उठतात. सगळ्या उपायांमध्ये मला हाच सर्वांत उपयोगी वाटला, आणि याला धीटपणाही लागत नाही.

सगळं जमलं असं नाही. न सांगता डोकावणाऱ्यांना मी दारातच सांगते, ‘या, वीस मिनिटं आहेत माझ्याकडे.’ हे त्यांना चालतं. ज्यांची मैफल दहानंतरच रंगते अशा मित्रांना सुट्टीच्या आदल्या रात्री बोलावतो. मधल्या वारी आलेच तर ‘तुम्ही बसा, मी झोपते’ म्हणून मी आत जाते आणि ते हळू आवाजात बोलतात. नात्यातल्या एका घराला मात्र हे मुळीच रुचलं नाही. ‘वेळ बघून प्रेम करता का’ असं ऐकवलं आणि येणं बंद केलं. मी दोनदा समजूत घातली. वाईट वाटतं. पण त्यासाठी वेळ सांगणं सोडणार नाही.

भाऊजी गेल्या गुरुवारी आले होते. मी विचारायच्या आधीच त्यांनी बाबांचं सांगायला सुरुवात केली. जखम भरलीये, पण आवाज बारीक झालाय, रात्री घाबरून उठतात, मग भाऊजीही त्यांच्याजवळ जाऊन बसतात. आम्ही बराच वेळ तेच बोललो. मी त्यांना डॉक्टरांना विचारायच्या चार गोष्टी कागदावर लिहून दिल्या. मग सहल निघाली, बदली निघाली, मुलीने तिची चित्रं दाखवली. साडेनऊला नवरा उभा राहिला. भाऊजी दाराजवळच्या स्टुलावर बसले, एक बूट घातला, नाडी बांधली, दुसरा घातला, त्याचीही बांधली. ‘येतो वहिनी’ म्हणाले आणि उतरले.

त्यांचा मेसेज मी पहाटे पावणेपाचला, गजर बंद करताना पाहिला. रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी आलेला. ‘पोचलो. बाबा आज न उठता झोपलेत.’