दोन मिनिटांची शांतता

पावसाळा सरला आणि कृष्णेचे पाणी निवळले की वाईत चित्रीकरणाचा हंगाम सुरू होतो. आमचे घर घाटाच्या अंगाला एका जुन्या आळीत आहे. समोरचा वाडा गेली काही वर्षे कधी मालिकेसाठी, कधी चित्रपटासाठी, कधी एखाद्या जाहिरातीसाठी भाड्याने दिला जातो, आणि त्या दिवसांत आमच्या आळीने कधी उठायचे, कधी निजायचे आणि कोणत्या बाजूने ये-जा करायची, हे बाहेरून आलेली माणसे ठरवतात. या त्रासाचा विषय निघाला की बहुतेक जण अडलेला रस्ता, बघ्यांची गर्दी आणि पहाटेपर्यंत जळणारे दिवे यांविषयी बोलतात. ते सगळे खरेच आहे. मात्र गोंगाटाची आम्हाला हळूहळू सवय झाली. आमच्याकडून जी शांतता मागितली जाते, तिची सवय आजवर झालेली नाही आणि ती होऊ नये असेच मला वाटते.

चित्रपटवाले वाईला का येतात, हे येथे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. सरदार रास्ते यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ, नदीपर्यंत उतरत जाणारे काळ्या दगडाचे घाट, चौकाचे वाडे, गावाबाहेर पडले की लगेच लागणारी उसाची शेते, वर पाचगणीला मुक्कामाची सोय आणि मुंबईहून सामानाचे ट्रक एका रात्रीत येतील एवढेच अंतर, असे सगळे एका ठिकाणी मिळणे अवघड आहे. प्रकाश झा यांनी ‘मृत्युदंड’ (१९९७) आणि ‘गंगाजल’ (२००३) या बिहारात घडणाऱ्या कथा याच परिसरात चित्रित केल्या, आणि ‘स्वदेस’मधले (२००४) उत्तरेकडचे खेडे म्हणजे येथून हाकेच्या अंतरावरचे मेणवली. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने पाट्या बदलणेही सोपे जाते. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पाटीवर ‘जि. सातारा’ या अक्षरांवर कागद डकवून ‘ज़िला’ असे नुक्ता दिलेले अक्षर रंगवलेले मी स्वतः पाहिले आहे. काम संपल्यावर तो कागद ओढून काढताना खालचा जुना तेलरंगही सुटून आला, आणि ती पाटी अजून तशीच अर्धवट सोललेली आहे.

पूर्वीची चित्रीकरणे मला आठवतात, कारण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही ती होत असत. त्या काळी दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडून सूचना देत असे, माणसे कठड्यावर बसून पाहत, मुले मधूनच धावत जात, आणि कोणी कोणाला गप्प बसवत नसे. याचे कारण तांत्रिक होते. कॅमेरे आवाज करणारे होते, संवाद जागेवर केवळ खुणेपुरते नोंदवले जात आणि नट पुढे मुंबईच्या स्टुडिओत उभे राहून तेच संवाद पुन्हा म्हणत. प्रत्यक्ष जागेवरचा आवाज चित्रपटात जाणारच नसल्यामुळे आमच्या कुकरच्या शिट्टीने कोणाचे काही बिघडत नव्हते. २००१ च्या ‘लगान’चे संवाद चित्रीकरणाच्या वेळीच नोंदवले गेले आणि त्यानंतर ही पद्धत हिंदीत हळूहळू रुळली, आता मालिका आणि वेब सिरीजसुद्धा बहुतेक याच पद्धतीने होतात. नटाचा श्वास, पायरीवरचे पाऊल, दाराची कडी असे सारे जागेवरच टिपले जाते आणि त्यामुळे अभिनयात जिवंतपणा येतो, हे मला पटते. मी स्वतः असे चित्रपट आवडीने पाहते. परंतु त्या जिवंतपणासाठी आसपासच्या शंभर घरांना काही वेळ निर्जीव व्हावे लागते, याचा हिशेब कोणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

हे प्रत्यक्षात कसे होते ते सांगते. आळीच्या दोन्ही तोंडांना वॉकी-टॉकी घेतलेली मुले उभी राहतात. आतून ‘साउंड’ अशी हाक आली की ती एकामागून एक पुढे सरकते आणि मुले हात वर करून रस्ता रोखतात. मग घरांकडे मोर्चा वळतो. पंखा बंद करा, मिक्सर नको, टीव्ही बंद, झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतात तेव्हा झोका थांबवा. फ्रीजची घरघर माइकमध्ये येते म्हणून समोरच्या चार घरांतले फ्रीज बंद करायला सांगतात आणि ते पुन्हा सुरू करायचे कोणाच्याच लक्षात राहत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या वहिनींचे दोन लिटर दूध आणि डोशाचे पीठ असेच गेले. मारुतीच्या देवळातल्या घंटेच्या लोलकाला फडके गुंडाळून ठेवलेले एकदा पाहिले तेव्हा मला फार वाईट वाटले. देवळात येणाऱ्या म्हाताऱ्या बाईने नेहमीप्रमाणे हात वर केला, घंटा वाजली नाही, आणि आपल्याच हातून काही चुकले की काय अशा चेहऱ्याने त्यांनी इकडेतिकडे पाहिले.

आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी येते. वरच्या टाकीत ते चढवायचे तर त्याच वेळात मोटर लावावी लागते. सकाळचा कोवळा उजेड चित्रीकरणालाही तेव्हाच हवा असतो. त्या तासात चार वेळा ‘काकू, फक्त दोन मिनिटं’ झाले की घरात दिवसभराचे पाणी नसते. माझ्याकडे दहावीची मुले शिकवणीला येतात. फेब्रुवारीत, परीक्षा तोंडावर असताना, मी त्यांना दोन दिवस कुजबुजत्या आवाजात भूमिती शिकवली आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. जनरेटरची गाडी कधीही चित्रीकरणाच्या जागेजवळ उभी करत नाहीत, कारण तिचा आवाज त्यांच्याच माइकमध्ये जाईल. जाडजूड केबली गटाराच्या कडेने ओढत नेऊन ती गाडी शे-दोनशे पावलांवर, म्हणजे पलीकडच्या आळीत, लावली जाते. वाड्याच्या मालकाला भाडे मिळते, आमच्या आळीला निदान नटनट्या दिसतात. पलीकडच्या आळीतल्या माणसांना मात्र यातले काहीच मिळत नाही आणि रात्रभर खिडकीखाली इंजिन धडधडत राहते. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्रीच्या त्या इंजिनाशेजारी उभे राहून कोणी ही मर्यादा मोजावी, असे मला अनेकदा वाटले आहे.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला बसले तो सांगते. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना जुना दमा आहे, आणि थंडीत रात्री धाप लागली की नेब्युलायझरने वाफ द्यावी लागते. त्या यंत्राचा आवाज फार नसतो. एखादा मोठा भुंगा बंद डब्यात गुणगुणावा तसा असतो. माघातल्या एका रात्री समोरच्या वाड्यात प्रसंग चालू होता. साडेबाराच्या सुमारास अण्णा उठून बसले. त्यांच्या खांद्यांची हालचाल पाहूनच मला समजले. मी औषध घालून यंत्र सुरू केले, मास्क त्यांच्या तोंडावर धरला, आणि तीन-चार मिनिटे झाली असतील नसतील तोच खालून दार हळूच वाजले.

दारात बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा होता. कानात तार, गळ्यात ओळखपत्र, डोळे तांबारलेले. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “काकू, वरती काही मशीन चालू आहे का? साउंडमध्ये येतंय. फक्त दोन मिनिटं बंद कराल का? शेवटचाच शॉट आहे.” मी त्याला काही उत्तर दिले नाही. त्याला वर यायला सांगितले. तो जिना चढून आला आणि उंबऱ्यातच थबकला. अण्णांच्या मास्कमधून पांढरी वाफ येत होती, त्यांची बोटे गादीची कड घट्ट धरून होती, आणि त्यांनी त्या मुलाकडे पाहून दुसऱ्या हाताने ‘बस’ अशी खूण केली. आल्यागेल्याला बसायला सांगायचे, ही त्यांची आयुष्यभराची सवय.

तो मुलगा खाली बसला. वॉकी-टॉकीवर त्याने एवढेच सांगितले, “सर, पेशंट आहे. पंधरा मिनिटं लागतील.” पलीकडून क्षणभर काही आले नाही, मग कोणीतरी ‘ठीक आहे’ म्हणाले. मी खिडकीतून पाहिले. साठ-सत्तर माणसे, मोठाले दिवे, क्रेन, नऊवारी नेसून शालीत गुरफटलेली नायिका, असे सगळे रस्त्यात थांबून होते. कोणी चिडले नाही, कोणी वर पाहून हातवारे केले नाहीत. चहाचे कप फिरले. औषध संपले, यंत्र बंद झाले, अण्णा आडवे झाले आणि त्यानंतर खाली काम सुरू झाले. जाताना तो मुलगा अण्णांच्या पाया पडला. तो करमाळ्याकडचा होता आणि आदल्या रात्री चार तास झोपला होता, असे त्याने जिन्यात सांगितले.

या प्रसंगाने माझा राग त्या मुलावरून पार उतरला, परंतु मूळ तक्रार अधिक पक्की झाली. म्हणजे पंधरा मिनिटे थांबता येत होते तर. आजवर ज्या ज्या वेळी आम्ही मोटर बंद केली, शिकवणी कुजबुजत घेतली, ठसका पदरात दाबला, त्या प्रत्येक वेळी थांबणे आमच्याच वाट्याला यावे असा नियम कोठेही नव्हता. आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही, एवढेच घडले होते. रस्ता वापरण्याची परवानगी रस्त्यापुरती असते. माझ्या स्वयंपाकघरात कोणते यंत्र कधी चालावे हे ठरवण्याचा अधिकार त्या कागदातून कोणाला मिळत नाही. तेथे केवळ विनंती करता येते, आणि ज्या विनंतीला नाही म्हणण्याची मोकळीक नसते ती विनंती राहत नाही.

चित्रीकरण वाईत होऊच नये, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्याच आळीतल्या एका मुलाने दोन हंगाम सेटिंगचे काम करून आयटीआयची फी भरली. बैलगाड्या, जीपगाड्या, जेवणाचे डबे, गर्दीतली माणसे या सगळ्यांतून गावात पैसा येतो आणि तो हवाच आहे. वाड्यांच्या डागडुजीचा खर्च आज कोणत्याही कुटुंबाला झेपत नाही. भाड्यामुळे समोरच्या वाड्याचे छप्पर शाकारले गेले, नाहीतर गेल्या पावसात एक सोपा खचलाच असता. माझे म्हणणे असे आहे की भाडे वाड्याचे दिले जाते, पण वापरली जाते ती सगळ्या आळीची शांतता, आणि तिच्याविषयी आळीशी आधी बोलले पाहिजे.

गेल्या महिन्यात आम्ही मारुतीच्या देवळात जमलो आणि एका कागदावर काही गोष्टी लिहून काढल्या. किमान तीन दिवस आधी घरोघरी सांगावे. पाण्याचा तास सोडावा. रुग्णवाहिका जाईल एवढी वाट कायम मोकळी असावी. जनरेटर कोणाच्या खिडकीखाली लावायचा आहे त्या घराला आधी विचारावे. रात्री दहानंतर बाहेरचा प्रसंग घेऊ नये. आणि घंटेला हात लावू नये. शेवटची अट लिहावी की नाही यावर थोडी चर्चा झाली, पण मी आग्रह धरला. चित्रीकरणवाल्यांकडून आळीला जी रक्कम मिळेल ती कशासाठी वापरावी, यावर मात्र एकमत झाले नाही. कृष्णाबाईच्या उत्सवातल्या महाप्रसादाला ती द्यावी, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. माझ्या मते ती घाटावरचा कचरा उचलण्यासाठी वापरावी, कारण कागदी कप आणि थर्माकोलचे तुकडे शेवटी नदीतच जातात.

पुढच्या आठवड्यात समोर नवे काम सुरू होत आहे. त्यांचा लोकेशन मॅनेजर परवा कागद घेऊन घरी आला. पाण्याचा तास, रस्ता, जनरेटर आणि घंटा त्याने मान्य केली. रात्री दहाच्या अटीवर वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाला. मग वही काढून त्याने अण्णांकडे पाहिले आणि विचारले, “आजोबा, तुमचं मशीन साधारण किती वाजता असतं?” अण्णा म्हणाले, “ते मला कुठं ठाऊक बाबा. धाप लागली की लावतात.” त्याने थोडा वेळ पेन तसेच धरून ठेवले आणि वेळेच्या रकान्यात ‘केव्हाही’ असे लिहिले. रात्रीच्या अटीविषयी रविवारी संध्याकाळी देवळात पुन्हा बसायचे ठरले आहे.