टस्कनीत रविवारी पोचू नका, आणि रादिकोफानीला चालत तर मुळीच जाऊ नका

परवाच परत आलोय, पायाची दोन नखं काळीनिळी आहेत, त्यामुळे जरा कडवट लिहिलं जाईल, समजून घ्या. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, मी, बायको आणि कॉलेजपासूनचा एक मित्र, आठ दिवस इटलीतली दक्षिण टस्कनी. डोंगरावरची गावं, वाइन आणि गरम पाण्याचे झरे एवढंच. रोम-फ्लोरेन्सबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, ते इथे नाही.

पहिली चूक घरीच झाली. एका व्हिडिओवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की या भागात गाडीची काही गरज नाही, सगळीकडे बस जाते. जाते ना. सोमवार ते शनिवार, शाळा-ऑफिसच्या वेळा धरून. आम्ही उतरलो रविवारी दुपारी, क्युसी स्टेशनवर. स्टँडवर आम्ही तिघं, एक मांजर आणि वेळापत्रकाचा कागद, त्यात रविवारच्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही. शेवटी कॉफीबारवाल्याने फोन करून टॅक्सी बोलावली, ती सव्वा तासाने आली आणि मोंतेपुल्चानोपर्यंतचे ६० युरो घेतले. मोंतेपुल्चानो नावाचं वेगळं स्टेशन पण आहे म्हणून कुणी खूश होऊ नका, ते खाली सपाटीवर, गावापासून दहाएक किलोमीटरवर आणि गाव वर ६०० मीटर उंचीवर. नेरळला उतरून माथेरानला पोचलो म्हणण्यातला प्रकार.

तर गाडी घ्या. त्यासाठी निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, वर्षभर चालतं, आपलं नुसतं लायसन्स तिथे पुरत नाही. आम्ही कंटाळा केला आणि आठ दिवस त्याची किंमत मोजली. गाडी घेतलीत तर जुन्या गावांच्या वेशीवर लाल गोलाची पाटी आणि खाली झेडटीएल असं काहीतरी दिसेल, तिथून आत घालायची नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि काही महिन्यांनी दंडाचं पत्र घरी येतं, शिवाय भाड्याची गाडी देणारे त्यांची फी वेगळी कापतात. गाडी गावाबाहेरच्या पार्किंगला लावा आणि चढा. दारू पिऊन गाडी चालवायची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, आणि लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. वाइनची दुकानं करत फिरणार असाल तर एकाला कोरडं ठेवावंच लागेल, ते कोण हे विमानातच ठरवा, नंतर भांडणं होतात.

मोंतेपुल्चानो म्हणजे एकच लांबलचक चढ. खालच्या वेशीतून वरच्या मोठ्या चौकापर्यंत दगडी फरसबंदी, आणि चाकाच्या बॅगा घेऊन त्यावरून जाणारे आम्ही. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी याच रस्त्याने गावातल्या आठ पेठांचे लोक ८० किलोची लाकडी पिंपं ढकलत वर शर्यत लावतात. आमच्या बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या होत्या तरी मला त्या पिंपवाल्यांबद्दल प्रचंड आदर वाटायला लागला. सॅक न्या.

वाइनबद्दल एक गोंधळ आधीच काढून टाकतो, कारण मी स्वतः दुकानात चुकीचं बोलून हसं करून घेतलं. इथली वाइन म्हणजे व्हिनो नोबिले दि मोंतेपुल्चानो, ती मुख्यतः सान्जोव्हेझे द्राक्षाची. सुपरमार्केटात जी मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो दिसते तिचा या गावाशी काही संबंध नाही, तिथे मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचंच नाव आहे आणि प्रदेशही दुसरा. शेजारच्या मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो महाग, कारण ती शंभर टक्के सान्जोव्हेझेची लागते आणि तोडणीनंतर पाचव्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत बाजारात आणताच येत नाही, त्यातली किमान दोन वर्षं लाकडात. माझं मत विचाराल तर चाखायला एक ग्लास ब्रुनेल्लो घ्या आणि बाटली रोस्सो दि मोंताल्चिनोची घ्या. तेच द्राक्ष, तोच डोंगर, मुरायला कमी वेळ आणि पैसे निम्म्याच्याही खाली. मोंतेपुल्चानोत घरांखाली जुनी तळघरं आहेत, मोठी मोठी पिंपं, थंडगार, ती बघाच, पण आत शिरताना चाखण्याचे पैसे किती ते विचारा. आम्ही दोन ठिकाणी फुकट समजून आत गेलो, एका ठिकाणी खरंच फुकट होतं.

आता जेवण, म्हणजे आता पैसे. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, बसण्याचे आणि ब्रेडचे समजा, त्यावर वाद घालू नका, मेनूत छापलेलं असतं. खरा खड्डा पुढे आहे. मित्राला फिओरेंतिना स्टेक खायचा होता, मेनूत लिहिलेलं ६ युरो. आम्ही म्हटलं वा, स्वस्त. त्या ६ समोर बारीक अक्षरात एक शब्द होता, एत्तो. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. आणि हा स्टेक हाडासकट, एक किलोच्या आत सहसा कापतच नाहीत. वेटरने कच्चा तुकडा दाखवायला आणला, मित्राने मान डोलावली, तो निघाला १ किलो ४०० ग्रॅम. ८४ युरो! त्यात मी बीफ खात नाही, बायको शाकाहारी, त्यामुळे एकटा खाणारा. कायद्याने त्यांची चूक नाही हे मला कळतं, पण एक माणूस खाणार हे दिसत असताना न सांगणं याला मी लबाडीच म्हणणार. त्या जागेचं नाव लिहीत नाही, चौकाला लागून आहे आणि बाहेर मेनूचे फोटो लावलेत एवढ्यावर ओळखा. मेनूत एत्तो किंवा किलोचा भाव दिसला की वजन आणि एकूण रक्कम कापायच्या आधी तोंडी विचारा, कागदावर लिहायला लावा.

शाकाहारी लोकांसाठी: पिची नावाच्या जाड शेवया मागा. पीठ आणि पाणी, हातावर वळलेल्या, आजी करायची त्या शेवयांच्या थोरल्या बहिणी. लसणाच्या टोमॅटो सॉसमधल्या, आल्योने म्हणतात त्याला, बायकोने पाच वेळा खाल्ल्या. रिबोल्लीता म्हणून भाज्या आणि शिळ्या ब्रेडचं दाट सूप असतं तेही चांगलं. पण क्रोस्तिनी म्हणून टोस्टवर तपकिरी चटणी लावून येते ती कोंबडीच्या काळजाची असते. बायकोला चिंचेची वाटली. संध्याकाळ वाया गेली. पेकोरिनो चीजला बहुतेक वेळा जनावराचं रेनेट, म्हणजे पोटातून काढलेलं विरजण, असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्या. आणि इथल्या ब्रेडमध्ये मीठ नसतं, विसरलेले नाहीत, मुद्दामच घालत नाहीत. घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी त्यावर इतकी जमली की दुसऱ्या दिवशी डबी संपली. दुपारी अडीचनंतर किचन बंद, साडेसातपर्यंत काही मिळत नाही, भुकेचं गणित तसं बसवा.

पिएन्झा छान आहे. पोप दुसरा पायस इथे जन्मला आणि १४५९ पासून त्याने गाव नव्याने बांधून घेतलं, दोन तासात बघून होतं.

आता मुख्य गोष्ट. सान क्विरिको ते रादिकोफानी. कँटरबरीहून रोमला जायचा जुना यात्रामार्ग, व्हिया फ्रान्चिजेना, इथून जातो आणि हा त्याचा एक टप्पा, साधारण ३३ किलोमीटर. राहत होतो तिथला माणूस म्हणाला, सोपं आहे, नुसतं टेकड्या-टेकड्यांवरून. आम्ही राजगड-तोरणा केलेली माणसं, ३३ म्हणजे काय. मोठ्या बॅगा त्याने पैसे घेऊन पुढे पाठवल्या, एवढं एक काम त्याने नीट केलं. सकाळी आठला निघालो. पहिले पाच किलोमीटर, बान्यो विन्योनीपर्यंत, इतके सुंदर की डोकं फिरलं, तिथेच थांबायला हवं होतं. बायको म्हणाली पण, इथेच राहू या. नाही ऐकलं.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. इथली जमीन चिकणमातीची, राखाडी. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर काळ्या रानात चप्पल घालून गेलात तर काय होतं ते आठवा, तेच, फक्त रंग वेगळा. प्रत्येक बुटाला किलो-किलो चिखल, दहा पावलं टाकायची आणि काडीने खरवडायचं. मध्ये नाले लागतात, पुलाशिवायचे, एकात घोट्याच्या वर पाणी. सावली नाही, बान्यो विन्योनी सोडल्यावर आम्हाला पाणी भरायला एक नळ सापडला नाही. काही ठिकाणी हमरस्त्याला यावं लागतं, तिथे ट्रक अंगावरून जातात आणि कडेला पाय ठेवायला हातभर जागा. आणि हे सगळं झाल्यावर, पंचवीसेक किलोमीटर अंगात असताना, शेवटचा आठ-नऊ किलोमीटरचा सलग चढ. तीव्र नाहीये, तेच वाईट आहे. सह्याद्रीत घाट चढला की संपतो, इथे रादिकोफानीचा बुरूज दुपारी एकपासून समोर दिसत होता आणि साडेपाचला पण तेवढाच लांब. सहा वाजता मित्र रस्त्याच्या कडेला बसला आणि म्हणाला मला सोडून जा. पोचलो तेव्हा अंधार पडत होता.

तिथे कळलेली गंमत अशी की ९९० साली सिजेरिक नावाचे आर्चबिशप रोमहून परत जाताना याच भागातून गेले, त्यांच्या मुक्कामांची यादी आजही आहे, त्यावरूनच हा मार्ग आखतात. त्या यादीत रादिकोफानी नाहीच. बाबा खालून दरीतून गेला आणि ब्रिकोलेला मुक्काम केला. शहाणा माणूस.

तरीही जायचंच असेल तर आदल्या रात्री पाऊस नको, माणशी तीन लिटर पाणी, काठ्या, सातला निघा आणि मुक्काम सान क्विरिकोऐवजी बान्यो विन्योनीला करा म्हणजे पाच किलोमीटर वाचतात. नाहीतर तेवढे पहिले पाचच चाला आणि बसने परत या. मला पुन्हा विचाराल तर मी तेच करीन.

बान्यो विन्योनीत गावाच्या मधोमध चौकाच्या जागी चक्क कुंड आहे, ४९ बाय २९ मीटर, पहाटे वाफा निघतात. फोटो बघून वाटतं यात उतरायचं. उतरता येत नाही, बंदी आहे, नुसतं काठावर बसा. आम्ही आदल्या दिवशी पोहण्याचे कपडे घालूनच गेलो होतो. खाली जुन्या गिरण्यांच्या बागेत पाणी वाहतं त्यात पाय बुडवता येतात, फुकट. नाहीतर पैसे भरून तलावात जा, पण पोहायची टोपी आणि रबरी चप्पल बरोबर ठेवा, टोपीशिवाय सोडत नाहीत. मित्राला एक केस नाही, त्यालासुद्धा काउंटरवरून टोपी विकत घ्यायला लावली, सहा युरो.

रादिकोफानीहून सकाळी आमच्या मालकीणबाईंनी आमचे पाय बघून स्वतःच्या गाडीने बान्यी सान फिलिप्पोला सोडलं, पैसे घेतले नाहीत. रस्त्यात सांगितलेली गोष्ट: रादिकोफानीत गिनो दी ताक्को म्हणून दरोडेखोर होता, त्याने गरम पाण्याच्या उपचाराला निघालेल्या क्लुनीच्या मठाधिपतीला पकडून कोंडलं आणि टोस्ट नि वाइनवर ठेवलं, त्यानेच म्हणे त्याचं पोट बरं झालं. दरोडेखोराचा गावात पुतळा आहे.

बान्यी सान फिलिप्पो म्हणजे जंगलातला ओढा, चुन्याचे पांढरे थर साचून एक मोठा खडक झालाय त्याला पांढरा देवमासा म्हणतात. तिकीट नाही, कपडे बदलायला खोली नाही, दगड बुळबुळीत. वरचं पाणी कडक, खाली खाली निवत जातं, आपल्याला झेपेल ते डबकं धरायचं. वास अगदी उन्हवऱ्याच्या कुंडासारखा, गंधकाचा. चार तास बसलो. सगळ्या ट्रिपमध्ये एक जागा निवडायची तर हीच, पण आदल्या दिवशी ३३ किलोमीटर चाललेला माणूस सांगतोय हे लक्षात ठेवा. नऊच्या आत पोचा, अकरानंतर पोरांचा दंगा. जुने कपडे घाला, वास धुऊन जात नाही. आणि चांदी अंगावर ठेवू नका, बायकोची जोडवी दहा मिनिटात काळी पडली, पैंजण नशिबाने बॅगेत होते.

सॅटर्नियाचे धबधबे राहिले, ३७ अंशाचं पाणी, फुकट, पण गाडीशिवाय तिथे जाणं म्हणजे पुन्हा रविवार. परमिटचा फॉर्म आता भरून ठेवलाय.