पिशवी खाण्याने गच्च, आणि शुगर ‘हाय’

त्यांना आणलं तेच मुळी ‘दारू पिऊन पडलेत’ असं सांगून. दोन तरुण पोरांनी गाडीतून उतरवलं, स्ट्रेचरवर ठेवलं, “आमचे कोणी नाहीत हे, रस्त्याच्या कडेला पडले होते,” एवढं बोलून स्वतःचं नावही न सांगता निघून गेली. त्यांची पिशवी मात्र आठवणीने बरोबर आणली होती.

साठीच्या आसपासचे गृहस्थ. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी कोरडी. हाक मारली की डोळे किलकिले करायचे, काहीतरी पुटपुटायचे, पुन्हा मिटायचे. इंटर्नने केसपेपरवर दारूचा संशय लिहूनही टाकला होता. दारूचा वास मात्र येत नव्हता.

शुद्ध हरपलेलं कोणीही कॅज्युअल्टीत आलं की पहिलं काम म्हणजे बोटाला टोचून शुगर बघायची. सिस्टरने पट्टी मशीनमध्ये घातली. आकडा आलाच नाही, पडद्यावर नुसतं ‘हाय’ आलं. बहुतेक मशीन साधारण ६००च्या वर मोजत नाहीत, तिथून पुढे एवढंच सांगतात. लॅबचा रिपोर्ट आला तो आठशेच्या पुढचा.

टाइप टू डायबेटिसच्या, विशेषतः वयस्क पेशंटमध्ये ही अवस्था येते. ती काही तासांत येत नाही, चांगली आठवडाभर शिजत असते. साखर लघवीवाटे बाहेर पडताना सोबत पाणी ओढून नेते, शरीर सुकत जातं, रक्त दाट होतं, मेंदू मंदावतो. पाण्याची तूट आठ-नऊ लिटरपर्यंत जाऊ शकते. उपचारात आधी सलाईन, मग बेताने इन्सुलिन, आणि सतत पोटॅशियमवर नजर. साखर झटक्यात उतरवायची नसते. ती रात्र आम्ही तेच करत बसलो.

ओळख पटावी म्हणून वॉर्डबॉय मामांनी सिस्टरसमोर पिशवी उघडली. सामानाची नोंद रजिस्टरमध्ये करावी लागते, त्यामुळे एकेक वस्तू बाहेर निघाली. बिस्किटांचे पुडे, बहुतेक न फोडलेले. क्रीमवाला केक, डब्यासकट. गोड पदार्थांची पाकिटं. शीतपेयाच्या बाटल्या, काही भरलेल्या, बऱ्याच रिकाम्या. मामा वाचत होते, सिस्टर लिहीत होती, आणि यादी काही संपेना. तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक जुना केसपेपर होता, त्यावर डायबेटिसचं निदान. सोबत मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळ्यांची एक पट्टी. सगळी घरं रिकामी.

“उपाशी तर नव्हते की हो हे,” सिस्टर म्हणाली.

बाबा शुद्धीवर आले, नीट बोलू लागले, तेव्हा आधी पिशवी विचारली. ती कपाटात आहे म्हटल्यावर निवांत झाले. राउंड संपवून मी त्यांच्या कॉटशेजारी स्टूल ओढलं.

“गोड खायचं नाही हे माहीत नव्हतं का, बाबा?”

“माहीत होतं की. पण देणाऱ्याला काय सांगू, मॅडम? नको म्हटलं की म्हणतात, माज आलाय. दुसऱ्यांदा देतच नाहीत.”

“आणि पाणी? पाणी का नाही प्यायलात?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग जरा सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. नळ लांब. तिथं जायचं तर सामान कोणाच्या भरवशावर सोडायचं? आणि पाणी प्यायलं की सारखी लघवी लागते. संडासवाला पैसे मागतो. उघड्यावर बसलं तर लोक हाकलतात. “पैसा जवळ नाही, बाटल्या मात्र पिशवीत आहेत. तहान लागली की त्याच तोंडाला लावायच्या. तहान तर काही केल्या भागेना.”

तहान साखरेची होती आणि तिच्यावर उतारा म्हणून पुन्हा साखरच पोटात जात होती. प्रत्येक बाटली कोणीतरी कळवळ्याने दिलेली. देणाऱ्यांपैकी एकाचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, उन्हात बसलेला माणूस बघून गार बाटली द्यावी हे कोणालाही सुचेल. पण या सगळ्यांनी मिळून त्यांना माझ्या टेबलावर आणलं होतं, हेही खरंच.

गोळ्यांचं विचारलं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण सकाळपासून रांग, आणि रांगेत उभं राहिलं तर इकडची जागा गेलीच. विकत घ्यायला पैसे हवेत. बिस्किटांचे पुडे त्यांनी विकून पाहिले होते. “अर्ध्या भावातही कोणी घेत नाही. म्हणतात, चोरलेत कुठून?”

“मग लोकांकडे पैसेच का नाही मागत?”

“मागतो ना. ते म्हणतात, पैसे नाही, खायला देतो.”

तळपायाला एक जखम होती, तिचा त्यांना पत्ताच नव्हता. डायबेटिसने नसा बधिर झाल्या की खिळा घुसला तरी कळत नाही. ड्रेसिंग करताना ते शांतपणे छताकडे बघत होते, कारण दुखतच नव्हतं.

त्या रात्री नाईटच्या चहावर सिस्टरची आणि माझी चांगलीच जुंपली. तिचं म्हणणं, रस्त्यावर मागणाऱ्याला खाणंच द्यावं, पैसे दिले की ते सरळ गुत्त्यात जातात. तिच्याकडे पुरावा होता, तोही त्याच वॉर्डात, बाबांपासून चार कॉट सोडून. एक तिशीचा मुलगा, दिवसभरात मिळालेले सगळे पैसे पिऊन पडलेला. मी म्हटलं, याला पैसे मिळाले नसते तर काय झालं असतं तेही बोल. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होतो, आणि त्यात माणसं दगावतात. त्याला दारूच्या पैशाची नाही, व्यसनमुक्तीच्या वॉर्डातल्या कॉटची गरज होती, आणि ती ना माझ्या नाण्याने मिळणार होती ना तिच्या डब्याने. सिस्टर म्हणाली, “म्हणजे मी बरोबर.” मी म्हटलं, या एका कॉटपुरती.

कॅनडात, व्हँकुव्हरमध्ये यावर एक अभ्यास झाला, २०२३मध्ये तो प्रसिद्ध झाला. बेघर असलेल्या ५० जणांना प्रत्येकी साडेसात हजार कॅनेडियन डॉलर एकरकमी दिले, कशावर खर्च करायचे याची अट नाही. पुढच्या वर्षभरात पैसे न मिळालेल्यांच्या तुलनेत ही माणसं सरासरी ९९ दिवस कमी बेघर राहिली. दारू-सिगारेट-ड्रग्जवरचा खर्च वाढला नाही. सिस्टरला सांगितलं तर तिने नेमकं मर्मावर बोट ठेवलं: “त्यात बेवडे घेतले होते का?” नव्हते घेतले. जबर व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना आधीच वगळलं होतं. त्यामुळे तो अभ्यास चार कॉट पलीकडच्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. बाबांबद्दल मात्र बरंच सांगतो. आणि रस्त्यावरचा प्रत्येक जण तो मुलगाच, असं धरून आपण बाबांच्या हातात केक ठेवतो, एवढंच माझं म्हणणं होतं.

खाण्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी वॉर्डाबाहेर फारशी माहीत नसते. पाच-सात दिवस पोटात जवळजवळ काहीच नाही अशा माणसाला एकदम भरपेट खाऊ घालणं धोक्याचं असतं. इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत खेचलं जातं, आणि हृदयाचे ठोके बिघडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये हे ठळकपणे दिसलं. अशा माणसाला घासभर द्या आणि दवाखान्यात आणा.

डिस्चार्जच्या वेळी खरी डोकेफोड झाली. कागदावर इन्सुलिन लिहायला काय लागतं? पण न उघडलेली इन्सुलिनची बाटली फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. यांचा फ्रीज कुठला? शिवाय इन्सुलिन टोचलं आणि त्या दिवशी जेवण मिळालंच नाही तर शुगर खाली येणार, माणूस झोकांड्या खात पडणार, आणि लोक पुन्हा म्हणणार, पिऊन पडलाय. शुगर बरीच आवाक्यात आली होती, किडनीचे रिपोर्ट चांगले होते, म्हणून मेटफॉर्मिनवरच ठेवलं. तिने एकटीने शुगर सहसा फार खाली जात नाही. जेवणाची वेळ ठरलेली नसलेल्या माणसासाठी औषध निवडणं हे कुठल्या वर्गात कोणी शिकवलेलं नव्हतं.

सोशल वर्कर मॅडमनी निवाऱ्यात जागा मिळवली. गोळ्या हॉस्पिटलमधून दिल्या. स्टाफने थोडे पैसे गोळा केले आणि पुन्हा तोच वाद. सिस्टरला त्यातून चपला आणि फळं आणायची होती. मी म्हटलं, त्यांनाच विचारू. बाबा म्हणाले, चपला आणा, पायाचं तुम्ही सांगितलंय. बाकीचे हातात द्या. कशाला हवेत ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. वाटेत सिस्टर कुजबुजली, “पिऊन टाकले तर?” मी म्हटलं, टाकले तर टाकले. तुझ्या पगाराचा हिशोब कोण मागतं?

बाबा ठरलेल्या तारखेला ओपीडीत आले. शुगर फार छान नव्हती, पण मशीनवर आकडा होता.

सिस्टर अजूनही खायलाच देते. पैसे देत नाही म्हणजे नाही. एक बदल मात्र तिने केलाय, हातातला डबा पुढे करण्याआधी विचारते, “शुगर आहे का हो?” परवा गेटजवळच्या एका आजोबांनी तिला उत्तर दिलं, “शुगर नाही बाई, दात नाहीत.”